पाथरी आणि युरोपातलं डँडेलियन: भाजी एकच का?

शहापूरकर:

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून दोन तट पडलेत म्हणून इथं टाकतोय.

मी नोकरीमुळं फ्रँकफर्टजवळ राहतो. आई-बाबा बेळगावहून आलेत. इकडं एप्रिल चाललाय. गवताचे माळ, विरळ झाडी, ट्रामचे रूळ, जिथं बघावं तिथं पिवळं डँडेलियन फुललंय. परवा आई फिरायला गेली ती पिशवीभर पानं घेऊनच आली. म्हणाली, "हितली माणसं पाथरी खात न्हाईत वाटतं, नुसती पडून हाय."

बाबांनी पान हातात घेऊन बघितलं आणि सांगितलं, ही पाथरी नव्हे, टाकून दे. झालं! आईचं म्हणणं, "वडगावच्या शिवारात भांगलण्यात माझा जन्म गेला, मी कशाला फसतो?"

आईचे पुरावे असे. पान जमिनीला चिकटून, कडा कातरलेल्या. तोडलं की पांढरा चीक. फूल पिवळं आणि पिकलं की म्हातारी उडते. बाबांचा पुरावा एकच: पाथरीचं फूल एवढं मोठं नसतं.

मी घाबरत घाबरत इकडच्या एका सहकारी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आमची आजीपण कोवळी पानं सॅलडमध्ये घालायची, खुशाल खा. मग लसूण-मिरचीची फोडणी देऊन आईनं भाजी केली. आपल्या पाथरीपेक्षा कडू लागली, पण भाकरीबरोबर संपली. बाबांनी अंडं भाजून घेतलं.

तर जाणकारांनी सांगावं: एकच आहे का? नसेल तर फरक काय, आणि ह्यात एखादी विषारी वनस्पती मिसळायची भीती आहे का?

गल्लीतला_गण्या:

बाबांची बाजू घेतली तर आईच्या हातचं जेवण बंद. विचार करून धागा काढायचा होतास रे.

टिळकवाडीच्या_बाई:

बाबा बरोबर आहेत, पण आईही फार चुकलेल्या नाहीत. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, आणि त्या कुळातही चिकाच्या एकाच शाखेतल्या. लेट्यूस आणि चिकोरीही ह्याच शाखेत येतात. सख्ख्या बहिणी नव्हेत, चुलत म्हणा.

आपली पाथरी म्हणजे लॉनिया प्रोकंबेन्स. तुमच्या अंगणातलं ते टॅराक्सॅकम ऑफिसिनाले. ते थंड हवेचं झाड आहे, युरोप-आशियातल्या कुरणांमधलं. आपल्या देशात ते हिमालयात भेटतं, बेळगावच्या शिवारात नाही.

फरक बघायचा तर पानाकडं बघत बसू नका, दांडा बघा. डँडेलियनचा फुलाचा दांडा थेट मुळाच्या डोक्यावरून निघतो. त्याला फांदी नाही, पान नाही, आतून पोकळ, आणि टोकाला एकच मोठं फूल. पाथरीचा दांडा फांद्या फोडतो, आडवा पसरतो आणि त्यावर लहान लहान बरीच फुलं येतात. बाबांनी नेमकं हेच धरलं. पाथरीच्या पानाची कड भिंगाखाली बघितली तर बारीक पांढरे दात दिसतात. तसे डँडेलियनला नसतात.

म्हातारीतही फरक आहे, आणि तो मला सगळ्यांत आवडतो. डँडेलियनच्या बीला लांब चोच असते, त्या चोचीच्या टोकावर छत्री. पाथरीच्या बीला चोच नाही, पांढरे केस थेट बीच्या डोक्यावर बसलेले. पुढच्या वेळी फुंकायच्या आधी एक बी तळहातावर घेऊन बघा.

आणखी एक गंमत. डँडेलियनच्या बऱ्याच जातींमध्ये बी धरायला परागीकरण लागतच नाही. फुलावर मधमाशा येतात, परागही नेतात, पण बी त्यांच्यावाचून तयार होतं आणि प्रत्येक रोप आईची हुबेहूब नक्कल. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनी ह्या एका नावाखाली शेकड्यांनी सूक्ष्मजाती वेगळ्या काढल्यात आणि अजून भांडतायत.

विषारी वनस्पतीबद्दल वेगळं लिहिते, ते एका ओळीत सांगण्यासारखं नाही.

अथणीकर:

बाईंनी शास्त्र सांगितलं, मी ताटातलं सांगतो.

आमच्याकडं अथणी-रायबागला पाथरीला हत्तरकी म्हणतेत. कन्नड घरात असू दे नाहीतर मराठी घरात, बाजारात मागताना हत्तरकीच. आणि ती शिजवायची भाजी न्हवंच मुळात. कच्ची खायची. ताटात जोंधळ्याची भाकरी, त्यावर रंजका (ओल्या लाल मिरचीचा ठेचा) नाहीतर शेंगाची चटणी, बाजूला हत्तरकीची जुडी, कोवळी मेथी, मुळा, कांद्याची पात. एक घास भाकरी, एक पान हत्तरकी. कडूपणा रंजक्याच्या तिखटावर असा बसतोय की दोन्हीची धार जातीय.

एळ्ळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळं गोत बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर जुंपून शिवारात जेवायला जातंय. त्या दिवशी बाजरीच्या भाकरीबरोबर पचडी पाहिजेच. हत्तरकी, मेथी, कांदा, गाजर बारीक चिरायचं, गुरळ्याची चटणी, मीठ, लिंबू, वरनं कच्चं तेल. चुरगाळायचं नाही, हलक्या हातानं कालवायचं. त्या वेळेला शाळू पोटरीला आलेला असतोय आणि हत्तरकी त्याच्या मुळाशीच मिळतीय, विकत आणायची गरजच पडत नाही.

म्हणजे पडत नव्हती. आता ऊस आलाय. उसात हत्तरकी दिसली तर सांगा.

शहापूरकर:

अथणीकर, कच्ची खायची असते हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "ते मला कशाला सांगतोस, तुम्हाला कडू चालत न्हाई म्हणून फोडणी देतो."

कडोलीची_सून:

शहापूरकर, डँडेलियन कडू लागलं कारण फूल आल्यावर खुडलंत. पाथरीचंही तेच. कळी दिसायच्या आत काढायची, आणि सकाळी. कडक उन्हात वाढलेलं पान जास्त कडू होतं, उसाच्या नाहीतर कोथिंबिरीच्या सावलीत आलेलं मऊ राहतं. आमच्या सासूबाई मुद्दाम वाफ्याच्या सावलीच्या बाजूची खुडतात.

आमच्या घरी दोन प्रकार होतात.

एक डाळीची. मुगाची डाळ भिजत घालायची. पाथरी धुऊन, चिरून, मीठ लावून थोडा वेळ ठेवायची आणि घट्ट पिळायची. ते हिरवं पाणी कडू असतं, टाकून द्या. तेलात भरपूर लसूण ठेचून, सुक्या मिरच्या, मग डाळ, डाळ अर्धी शिजली की पाथरी. झाकण ठेवू नका, नाहीतर रंग काळपट होतो. उतरवताना शेंगदाण्याचा कूट. गूळ घालणारे घालतात, मला पटत नाही. कडू भाजी गोड करायची तर पालक खावा.

दुसरी पिठाची. चिरलेल्या पाथरीवर फोडणीतच बेसन भुरभुरायचं, पाण्याचा नुसता हबका, आणि मंद आचेवर कोरडी होऊ द्यायची. डब्यात न्यायला ही बरी. शेतावर जाणाऱ्यांच्या डब्यात हीच असायची, संध्याकाळपर्यंत आंबत नाही.

बाजारात जुडी घेताना मूळ बघा. देठाशी मुळाचा तुकडा असेल तर जुडी ताजी राहते. नुसती पानं खुडून बांधलेली तासाभरात माना टाकतात.

गल्लीतला_गण्या:

"कडू भाजी गोड करायची तर पालक खावा." हे वाक्य आमच्या खानावळीत लावतो.

जांबोटीकर:

सगळा बेळगाव जिल्हा पाथरीचा असल्यासारखं चाललंय म्हणून मधे पडतो. आमच्या खानापूर-जांबोटीकडं ही फारशी नाहीच. कारण उघड आहे, कणकुंबीचा पाऊस हजारांत मोजायचा आणि अथणीचा शेकड्यांत. पाथरीला काळी, निचऱ्याची जमीन पाहिजे आणि कोरडं ऊन. आमच्या तांबड्या मातीत पावसाळाभर पाणी वाहतंय, तिथं तिचं मूळ कुजतं.

आमच्याकडं पहिल्या पावसाला कुरणांवर आणि विरळ रानात फोडशी येते, गवताच्या पात्यागत हिरवी आणि पांढऱ्या बुडाची. मग टाकळा, मग भारंगीची पानं आणि नंतर तिचीच फुलं, मग करटोली. तुमच्या युरोपातल्या माळ-झाडीच्या भाजीशी तुलना करायची तर जागेच्या हिशोबानं फोडशी जवळची, पाथरी शेतातली. शास्त्रात कुळ बघतात, पण भाजी काढणारा माणूस जागा बघतो.

टिळकवाडीच्या_बाई:

जांबोटीकर, जागेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. डँडेलियनसुद्धा आता युरोपात जंगलातलं कमी आणि माणसाच्या वावराजवळचं जास्त. जिथं गवत कापलं जातं, जनावरं चरतात, जमीन तुडवली जाते, तिथं ते माजतं. कापणीच्या पात्याखाली मान वाचावी म्हणून पानं जमिनीलगत, आणि मूळ खोल. उपटताना मुळाचा तुकडा राहिला की त्यातून पुन्हा फुटतं. पाथरीही तशीच चिवट, आपल्या भांगलणीतून वाचून राहिलेली.

माजी_सुभेदार:

वाचून राहवलं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी झाली. रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावातच, त्यामुळं निवृत्तीनंतर इथंच घर केलं. पण मधली काही वर्षं काश्मीरात गेली.

तिथं बर्फ वितळला की बायका टोपल्या आणि खुरपं घेऊन माळावर उतरतात आणि हेच डँडेलियन काढतात. तिकडं नाव हंद. फूल यायच्या आतलं काढतात, मुळाच्या डोक्यासकट. उन्हाळ्यात वाळवून माळा करून ठेवतात, कारण हिवाळ्यात रस्ते बंद झाले की ताजी भाजी कुठली? वाळवलेल्या भाज्यांना होख स्यून म्हणतात. त्यात वांगं, दुधी, टोमॅटो असतात, आणि हंदही.

ज्या घरी बाळंतीण असेल तिथं हंद हमखास शिजते. मला तेव्हाच आठवलं होतं की आमच्या हुक्केरीच्या घरी आजी बाळंतिणीला पाथरी द्यायची. दूध वाढतं म्हणायची. म्हशीलाही घालायची त्याच हेतूनं. दूध वाढतं का ते डॉक्टर लोकांनी सांगावं. दोन टोकाच्या दोन आज्यांनी एकमेकींना न विचारता तेच केलं, एवढं मी पाहिलंय. पांढरा चीक बघूनच दोघींना सुचलं असणार.

निसर्गप्रेमी_९९:

पाथरी आणि डँडेलियन दोन्ही लिव्हर साफ करतात, साखर मुळासकट जाते, कॅन्सरच्या पेशी दोन दिवसांत मरतात. रोज सकाळी अनशापोटी रस घ्या. मोठ्या कंपन्यांना हे बाहेर येऊ द्यायचं नाही. सगळ्यांना पुढे पाठवा.

टिळकवाडीच्या_बाई:

निसर्गप्रेमी, भाजी भाजीच राहू द्या. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर अर्क टाकणं आणि माणसाचा आजार बरा होणं ह्यात फार मोठं अंतर आहे. पारंपरिक औषधांवर शास्त्रशुद्ध काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था आपल्याच बेळगावात, नेहरूनगरला आहे. असं काम पुढं पाठवलेल्या संदेशातून होत नसतं. साखरेच्या गोळ्या बंद करून कुणी रस प्यायला लागलं तर जबाबदारी कोण घेणार?

रुग्णसेवक_डॉक्टर:

बाईंशी सहमत. भाजी म्हणून बहुतेकांना काही अडचण नाही, पण तीन गोष्टी लक्षात असू द्या.

रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनसारखी गोळी चालू असेल तर कुठल्याही हिरव्या पाल्यात एकदम वाढ करू नका. डँडेलियनच्या पानात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते त्या गोळीच्या उलट काम करतं. पित्तनलिकेत खडा अडकलेल्यांनी डँडेलियनचा काढा-रस टाळावा.

तिसरी गोष्ट आपल्या भागासाठी जास्त महत्त्वाची. काँग्रेस गवतामुळं ज्यांच्या अंगाला खाज, चट्टे येतात (शेतावर काम करणाऱ्यांत असे रुग्ण खूप), त्यांना सूर्यफूल कुळातल्या इतर वनस्पतींचीही ॲलर्जी असू शकते. कडूपणा आणणारी रसायनंच त्याला कारणीभूत असतात. अशा माणसाला पाथरी, लेट्यूस, डँडेलियन हाताळून किंवा खाऊन चट्टे उठले तर थांबावं आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

दूध वाढण्याबद्दल सुभेदारसाहेबांनी विचारलं. खात्रीनं वाढतं असं म्हणण्याजोगा पुरावा नाही. बाळंतिणीला पालेभाजी मिळते हे चांगलंच आहे, तेवढ्यासाठी आजीला नावं ठेवू नका.

टिळकवाडीच्या_बाई:

आता शहापूरकरांचा राहिलेला प्रश्न: विषारी वनस्पतीशी गफलत.

आधी आपल्याकडचं. काँग्रेस गवताचं कोवळं रोप असंच जमिनीलगत गोल पसरतं आणि पानं कातरलेली असतात. हे गवत पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता ते कुठं नाही हे सांगणं अवघड. ओळख सोपी: त्याला चीक नाही, आणि पानावर करडी लव असते. दुसरा पिवळा धोत्रा. त्याला चीक आहे, पण पिवळा, आणि पानाला काटे. त्याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळल्यानं १९९८ मध्ये दिल्लीत जलशोथाची, म्हणजे अंगाला सूज येण्याच्या आजाराची, मोठी साथ आली होती. पिवळा चीक दिसला की हात मागे.

पांढरा चीक दिसला म्हणजे खाण्याजोगी असंही समजू नका. दुधीचं तण (भोपळा नव्हे), शेर, रुई सगळ्यांना पांढराच चीक. पानांची ठेवण, चीक आणि फूल तिन्ही जुळायला पाहिजेत. फूल नसताना काढायची तर ती जागा आधीच्या मोसमात फुलासकट बघितलेली असावी. शेतातल्या बायका असंच करतात, त्यांना बांध पाठ असतो.

उभा वाढणारा, पोकळ खोडाचा, खोडाला पानं कानासारखी मिठी मारतात तो म्हातारा, म्हणजे सॉन्कस. तोही लोक खातात. पाथरीच्या जुडीत तो सर्रास मिसळलेला असतो, बिघडत नाही.

युरोपात जपायचं ते सेनेशियो आणि त्याच्या भाईबंदांना. कोवळेपणी पानं कातरलेली, कुरणातच येतात, आणि यकृताला घातक अशी अल्कलॉइडं असतात. २००९ मध्ये जर्मनीतच पाकीटबंद रुकोलाच्या (सॅलडचा एक पाला) पानांत सेनेशियो सापडल्यानं गडबड उडाली होती. त्यालाही चीक नाही. म्हणजे तुमच्या आईंची चिकाची कसोटी तिकडं बऱ्यापैकी कामाची आहे.

शहापूरकर:

बाई, मनापासून आभार. दांडा, बी, चीक सगळं आज तपासलं. डँडेलियनच. बीची चोच आईला दाखवली, तिनं चष्मा पुसून बघितली आणि म्हणाली, "असंल. पण भाजी झालीच न्हवं?"

इकडचे नियमही बघितले. राखीव क्षेत्र सोडून, स्वतःपुरती, मूठभर पानं-फुलं रानातून घ्यायला जर्मन कायद्याची हरकत नाही. इकडचे लोक मात्र कच्ची पानं खाण्याआधी नीट धुवायला बजावतात, कारण कोल्ह्याच्या विष्ठेतून फीतकृमीची अंडी येऊ शकतात. शिजवलं की तो प्रश्न मिटतो. म्हणजे बेसन-पाथरी जिंकली.

आणि फ्रँकफर्टचं एक सांगायचं राहिलं. इथं ग्र्यून सोस नावाचा हिरवा गार सॉस असतो, सात पाल्यांचा: बोराज, चर्व्हिल, क्रेस, पार्सली, पिंपिनेल, सॉरेल आणि चाइव्ह. ह्यातलं पिंपिनेल आणि सॉरेल मूळचं कुरणातलं, सॉरेल तर आपल्या चुक्याच्या जातकुळीतलं आणि तसंच आंबट. दही-साईत कालवून उकडलेली अंडी-बटाट्याबरोबर खातात. २०१६ पासून त्याला भौगोलिक ओळखीचं संरक्षणही आहे, म्हणजे आपल्याकडच्या जीआय टॅगसारखं. बाजारात सातही पाले कागदात गुंडाळून एकत्र विकतात. बाबांना हा प्रकार पसंत पडला, डँडेलियन नाही म्हणून.

गल्लीतला_गण्या:

बाबा कट्टर आहेत. मान.

निपाणीवाला:

इतका वेळ वाचत होतो. अथणीकरांनी उसाचं काढलं तिथनं पुढं मी बोलतो, कारण माझं औषधांचंच दुकान आहे. शेतीच्या औषधांचं.

पाथरी का दिसत नाही? ऊस नुसता उभा राहिला म्हणून नाही. उसात टू-फोर-डी मारतात. ते औषध रुंद पानाचं तण मारतंय, गवताच्या जातीला सोडतंय. ऊस गवताच्या जातीचा, म्हणून तो वाचतो. पाथरी, तांदुळजा, केना, घोळ हे सगळे रुंद पानाचे, ते जातेत. सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर, तिथंही तीच गत. बांधावर ग्लायफोसेट, ते तर काहीच ठेवत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्रानं ग्लायफोसेटवर निर्बंध आणलेत, नोंदणीकृत कीड-नियंत्रण करणाऱ्यांनीच वापरावं असं. बांधावर तसा माणूस मी तरी बघितला नाही.

शेतकऱ्याला दोष द्यायला सोपं आहे. भांगलायला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि चार दिवस पाऊस लागला की तण पिकाच्या वर. पंपानं एका सकाळी काम होतंय. मी त्याला काय म्हणून नको सांगू? पण एक बघा. भांगलणारी बाई तण काढता काढता ओच्यात भाजी भरत होती. मजुरीवर भाजी फुकट. फवारणीवाला गडी ओच्यात काय भरणार?

म्हणून खाणाऱ्यांना एवढंच सांगतो. ओळखीचं शिवार नसेल तर बांधावरची पाथरी काढू नका. पानांच्या कडा पिवळ्या पडून वेड्यावाकड्या मुरडलेल्या दिसल्या तर ती फवाऱ्यातली आहे, धुऊन उपयोग नाही. बेळगावकरांनी बळ्ळारी नाल्याकडची कच्ची खायचीच नाही, तिथं शहराचं सांडपाणी शेतात शिरतंय.

आणि गंमत वाटेल, तुमच्या युरोपात हिरवळीतलं डँडेलियन मारायला हेच टू-फोर-डी वापरतेत. डबा वेगळा, माल तोच.

टिळकवाडीच्या_बाई:

निपाणीवाले, दुकानदारानं हे लिहिलं ह्याचं मोल जास्त आहे.

उसाच्या पट्ट्यात पाथरी टिकलेली मी बघते ती तीन जागी: कालव्याच्या भरावावर, भाजीच्या वाफ्यांत (तिथं फवारलं तर भाजीच मरेल) आणि भातानंतर मसूर घेतलेल्या काळ्या रानात. मसुरात अजून हातानं भांगलतात. येळ्ळूर-वडगावच्या बाजूला थंडीत मिळते ती बहुतेक तिथलीच.

अनगोळकर_इंजिनिअर:

थोडं अवांतर. चिकाचा विषय निघालाच आहे तर, डँडेलियनच्या एका जातीपासून रबर करतात हे कुणाला माहीत आहे का? कझाकस्तानच्या डोंगरांतली कोक-सगीझ नावाची जात. सोव्हिएत शास्त्रज्ञांना ती १९३० च्या दशकात सापडली आणि दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातलं रबर बंद झाल्यावर त्यांनी तिची मोठी लागवड केली. युद्ध संपल्यावर झाडाचं रबर पुन्हा स्वस्त मिळायला लागलं आणि हे मागे पडलं. अलीकडं जर्मनीच्या कॉन्टिनेंटलनं ह्या रबराचा सायकलचा टायर बाजारात आणलाय. रबर मुळात असतं, पानात नाही. तेव्हा शहापूरकरांच्या आईंनी भाजी खुशाल करावी, चिवट होणार नाही.

माजी_सुभेदार:

युद्धाच्या काळात युरोपात डँडेलियनचं मूळ भाजून कॉफीऐवजी प्यायचे असंही ऐकलंय. खरं का?

टिळकवाडीच्या_बाई:

खरं आहे. मुळात इन्युलिन नावाचं कर्बोदक असतं, ते भाजलं की तपकिरी होऊन कॉफीसारखा वास येतो. कॅफिन अजिबात नाही. आपण पितो त्या फिल्टर कॉफीतली चिकोरी म्हणजे हेच नातं. आपल्या नियमानं कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, बाकी चिकोरी चालते. म्हणजे डँडेलियन नको म्हणणारे बाबा त्याच्या भावकीचं मूळ रोज सकाळी पितात.

शहापूरकर:

हे मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबांनी कप खाली ठेवला नाही.

कडोलीची_सून:

शहापूरकर, आई परत जाताना बी ठेवून जायचं म्हणत असतील तर पाथरी कुंडीतही येते. कुंडी खोल पाहिजे, मूळ सरळ खाली जातं. बीपेक्षा मुळाचा बोटभर तुकडा लावलेला लवकर फुटतो.

शहापूरकर:

बरोबर ओळखलंत, आईनं मामीला फोन करून पोस्टानं बी पाठवायला सांगितलंय.

टिळकवाडीच्या_बाई:

थांबवा तिला. डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून बी आणायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, अगदी चिमूटभर असलं तरी. पाकीट सीमाशुल्कात उघडलं गेलं तर बी जप्त. आणि तण म्हणून फोफावणारी वनस्पती परक्या मुलखात नेऊ नये हे मी कायदा नसता तरी सांगितलं असतं.

शहापूरकर:

मामीला कळवलं. ती म्हणते पाकीट बांधून तयार होतं, आता ते अनगोळच्या परसात पेरते, आणि आम्ही दिवाळीत येऊ तेव्हा खायला ये म्हणते.

अथणीकर:

दिवाळीत कशाला, एळ्ळ अमावास्येला या. तोवर पाथरी आणि शाळू दोन्ही रंगात असतेत. फक्त आदल्या दिवशी सांगा, बाजरी दळून आणाय लागतीय.